आडनाव एक, वंश किती?

निपाणीच्या सिद्धोजीराव निंबाळकरांना इतिहासात तीन नावांनी ओळखलं जातं. निंबाळकर हे त्यांचं कूळ, फलटणच्या बाजूचं, जुनं आणि नावाजलेलं. देसाई हे वतन, म्हणून पेशवाईच्या अखेरच्या काळातला हा मातब्बर सरदार लोकांच्या तोंडी ‘आप्पा देसाई’ झाला. आणि निपाणी हे त्यांचं ठाणं, म्हणून ‘निपाणकर’. १८३९ मध्ये ते वारले. एकाच माणसाच्या या तीन नावांत सीमाभागातल्या आडनावांची सगळी गुंतागुंत सापडते. एक नाव वंशाचं, दुसरं हुद्द्याचं आणि तिसरं गावाचं.

याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या टापूत देसाई आडनावाची माणसं मराठ्यांत आहेत, लिंगायतांत आहेत, जैनांत आहेत आणि ब्राह्मणांतही आहेत. पाटलांचं तेच. इनामदार, जमादार, सनदी ही आडनावं तर हिंदू आणि मुसलमान दोघांतही आढळतात. म्हणजे एका वंशाची तीन आडनावं असू शकतात आणि एका आडनावाखाली कितीतरी वंश नांदू शकतात. मग एकाच आडनावाची दोन घराणी खरोखर एका मूळ पुरुषाची आहेत की नाहीत, हे ठरवायचं कसं? गेल्या पंचवीस वर्षांत जगभर या प्रश्नासाठी डीएनए चाचणी वापरली जाते. आपल्या भागातल्या घराण्यांना ती काय सांगू शकेल आणि काय सांगू शकणार नाही, हे नीट समजून घेण्याची वेळ आता आली आहे.

हेळव्याची वही

हा प्रश्न सीमाभागाला नवा नाही. उत्तर कर्नाटकात आणि दक्षिण महाराष्ट्रात हेळवी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी जपल्या. सुगी आटोपली की हेळवी आपल्या वाट्याच्या गावांना निघतो. त्याची गावं ठरलेली आणि घरंही ठरलेली. गळ्यात घंटा बांधलेला बैल घेऊन तो दारात येतो, सोप्यात बसतो आणि वाचायला लागतो. मूळ गाव कोणतं, कुलदैवत कोणतं, गाव कोणत्या पुरुषाने सोडलं, त्याला मुलगे किती, त्यातला कोण कुठे जाऊन राहिला. घरात नवा मुलगा जन्माला आला असेल तर त्याचं नाव वहीत चढतं. त्याबद्दल हेळव्याला धान्य, कपडा, पैसे मिळतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही जे आजोबा-पणजोबांपलीकडे आठवत नाही, ते हेळवी वाचून दाखवतो.

याच्या जोडीला नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी आहेत, काही घराण्यांनी छापलेले कुलवृत्तांत आहेत, मोडीतले वतनाचे कागद आहेत आणि जमिनीचे उतारे आहेत. साधनं भरपूर आहेत, पण ती विखुरलेली आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली, तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच जिल्ह्यातला चंदगड तालुका मात्र कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. त्यामुळे एकाच भावकीतल्या एका घराचा सातबारा मराठीत निघतो, तर दुसऱ्या घराचा उतारा कानडीत. नाव लिहिण्याची रीतही निराळी आहे. कानडी वळणात गावाचं नाव तसंच आडनाव होतं, तर मराठी वळणात त्याला ‘कर’ लागतो. एकाच गावाहून निघालेल्या दोन भावांच्या शाळेच्या दाखल्यांवर एकाचं आडनाव अथणी आणि दुसऱ्याचं अथणीकर असं पडू शकतं. दोन पिढ्यांनंतर ही दोन घरं भाऊबंद आहेत हे नुसत्या कागदांवरून ओळखणं कठीण होऊन बसतं.

बापाकडून मुलाकडे

डीएनए चाचणी इथे कामी येते ती वाय गुणसूत्रामुळे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यातल्या २२ जोड्या आईवडिलांकडून निम्म्या-निम्म्या येतात आणि दर पिढीला त्यांची सरमिसळ होते. वाय गुणसूत्र मात्र फक्त पुरुषांत असतं आणि बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं उतरतं. आपल्याकडे आडनावही बापाकडून मुलाकडेच जातं. हेळव्याची वहीदेखील याच वाटेने चालते. वंशावळ, आडनाव आणि वाय गुणसूत्र हे तिन्ही एकाच रेषेवरून पुढे सरकत असल्यामुळे एक दुसऱ्याशी ताडून पाहता येतं.

या गुणसूत्रात सहा कोटींहून थोडी अधिक अक्षरं आहेत. त्यांचं आरंभापासून शेवटपर्यंत संपूर्ण वाचन २०२३ मध्ये पूर्ण झालं. घराण्यांच्या तपासासाठी एवढं सगळं वाचावं लागत नाही. काही ठरावीक ठिकाणी डीएनएची चार अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. उदाहरणार्थ, डीवायएस ३९३ नावाच्या जागेवर ‘एजीएटी’ हा तुकडा कुणात बारा वेळा येतो, कुणात तेरा, कुणात चौदा. अशा ३७, ६७ किंवा १११ जागांवरचे आकडे ओळीने मांडले की त्या पुरुषाच्या पितृवंशाची खूण तयार होते. जुन्या पोथीची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून एखादी चूक होते आणि त्या नकलेवरून उतरलेल्या सगळ्या प्रतींत ती तशीच येते, तसंच इथे घडतं. दर पिढीत प्रत्येक जागेवर बदल होण्याची शक्यता फार लहान असते, हजारात सरासरी दोन ते पाच. पण जागा अनेक आणि पिढ्याही अनेक, त्यामुळे बदल साचत जातात.

समजा, एकाच आडनावाचे दोन पुरुष आहेत, एक निपाणीचा आणि दुसरा आजऱ्याचा. दोघांच्या ३७ जागा तपासल्या आणि ३४ जुळल्या. तीन जागी आकडा एका घराने पुढे-मागे आहे. असा निकाल आला तर दोघांचा समान पूर्वज शेकडो वर्षांच्या आत, साधारण दहा-बारा पिढ्यांच्या आसपास असू शकतो. नेमकी पिढी चाचणी सांगत नाही, ती फक्त शक्यतेचा पट्टा देते. ३७ पैकी १८-२० जागाच जुळल्या तर मात्र प्रश्न मिटला. आडनाव सारखं असलं तरी त्यांचे पितृवंश हजारो वर्षांपूर्वीच वेगळे झालेले आहेत. नाही म्हणताना ही चाचणी अगदी ठाम असते. होय म्हणताना तिला कागदाची साथ लागते.

इंग्लंडमधला पडताळा

या पद्धतीचा पहिला नावाजलेला प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्याच आडनावाचे, एकमेकांना न ओळखणारे ४८ पुरुष तपासले. त्यातल्या जवळपास निम्म्यांची वाय गुणसूत्राची खूण एकच निघाली. सातशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या मूळ साइक्सची खूण इतक्या जणांत टिकून राहिली होती. उरलेल्यांची खूण वेगळी का, याचा हिशेब मांडताना त्यांनी दर पिढीला सुमारे १.३ टक्के ठिकाणी पितृरेषा तुटत असावी असा अंदाज काढला. हा आकडा लहान वाटतो. पण तो वीस पिढ्या साचत गेला तर जवळपास चौथा हिस्सा रेषा तुटलेल्या सापडतील.

पुढे २००९ मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांचे १,६७८ पुरुष तपासले. अ‍ॅटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावात बहुतेक जण एकाच पूर्वजाचे निघाले. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार तर गावोगाव होते. त्या आडनावाचे दोन पुरुष एकमेकांना जितके जवळचे, तितकाच रस्त्यावरचा कोणताही अनोळखी माणूस जवळचा निघाला. सीमाभागासाठी हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. आडनाव कसं तयार झालं हे कळलं की चाचणीतून काय निघेल याचा अंदाज आधीच बांधता येतो.

आपली आडनावं चार वाटांनी आली

पहिली वाट गावाची. काकतकर, मुतगेकर, कडोलकर, हलगेकर, अनगोळकर ही बेळगाव भोवतालच्या गावांवरून पडलेली आडनावं आहेत. कडोलीत राहणाऱ्याला कुणी कडोलकर म्हणत नाही. गाव सोडून जो बाहेर पडतो त्यालाच गावाचं नाव चिकटतं. आणि गाव सोडणारे एकाच घरातले, एकाच जातीचे किंवा एकाच शतकातले नसतात. त्यामुळे अशा आडनावाच्या पन्नास पुरुषांची चाचणी केली तर अनेक निरनिराळे वंश सापडणार, हे गृहीतच धरावं.

दुसरी वाट हुद्द्याची. पाटील, देसाई, कुलकर्णी, देशपांडे, नाडगौडा, तळवार ही सगळी कामाची नावं आहेत. गावोगावचा पाटील वेगळा होता, म्हणून सगळे पाटील एका वंशाचे असणं शक्यच नाही. पण इथे एक बारकावा आहे. वतन वंशपरंपरेने चालत असे. म्हणून एका गावातली पाटलांची एक भावकी बहुधा एकाच मूळ वतनदाराची असते. अशा आडनावात तपासाचं एकक आडनाव नसून गाव, भावकी आणि कुलदैवत हे तिन्ही मिळून ठरतं. ‘सगळ्या पाटलांचा डीएनए’ हा प्रश्नच चुकीचा आहे. अमुक गावची, सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणारी पाटलांची भावकी आणि तमुक गावची जोतिबाला जाणारी भावकी एकच आहे का, हा प्रश्न नेमका आहे आणि त्याला उत्तर मिळू शकतं.

तिसरी वाट कुळाची. भोसले, घोरपडे, शिंदे, चव्हाण, जाधव, पवार, कदम. ही नावं मराठ्यांत आहेत, तशी इतर अनेक समाजांतही आहेत. त्यांच्याभोवती राजवंशांच्या परंपरा गुंफलेल्या आहेत. खानापूर तालुक्यातलं हलशी हे कदंब राजांचं महत्त्वाचं ठिकाण होतं आणि कदम घराणी स्वतःला त्या कदंबांशी जोडतात. पण हे डीएनएने तपासता येत नाही, कारण ताडून पाहायला कदंब राजांचा नमुना कुणाकडेच नाही. आजचे कदम एकमेकांशी जोडलेले आहेत का, एवढंच तपासता येतं.

चौथी वाट दुर्मीळ आडनावांची. एखाद्या टोपणनावावरून, एखाद्या प्रसंगावरून पडलेली, दोन-तीन गावांपुरती मर्यादित असलेली आडनावं. अ‍ॅटनबरोचा अनुभव पाहता, आपल्याकडेही चाचणीचा सर्वांत चांगला उपयोग याच आडनावांत होईल.

घोरपड्यांचं उदाहरण

सीमाभागात अशा तपासाला अगदी योग्य असं एक कूळ आहे, ते म्हणजे घोरपडे. मुधोळचे घोरपडे, सेनापती संताजींचे कापशीकर घोरपडे, दत्तवाडकर, गजेंद्रगडकर आणि संडूरचे घोरपडे अशा या कुळाच्या शाखा कोल्हापूरपासून बल्लारीपर्यंत पसरल्या. मुधोळ संस्थानाच्या परंपरेनुसार भोसले आणि घोरपडे मुळात एकच. पंधराव्या शतकात घोरपडीच्या साहाय्याने गड चढून जाणाऱ्या पूर्वजामुळे एका शाखेला घोरपडे हे नाव मिळालं, असं ही परंपरा सांगते. या परंपरेला आधार म्हणून पुढे आणल्या जाणाऱ्या फर्मानांच्या अस्सलपणाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत.

यात डीएनए काय करू शकेल? प्रत्येक शाखेतले, अलीकडच्या पिढ्यांत दत्तक नसलेले, कागदोपत्री वंशावळ पक्की असलेले तीन-चार पुरुष स्वखुशीने पुढे आले, तर या शाखांचा पितृपूर्वज एक आहे का आणि साधारण किती जुना आहे हे कळेल. एकाच शाखेतले लांबचे चुलत एकमेकांशी जुळले तर त्या शाखेची मूळ खूण कोणती हे ठरेल. मग एका शाखेची खूण दुसरीशी ताडता येईल. सगळ्या शाखा जुळल्या आणि समान पूर्वज पाचशे-साडेपाचशे वर्षांच्या पट्ट्यात आला, तर परंपरेतल्या एकवंशाच्या भागाला बळ मिळेल. जुळल्या नाहीत, तर एक नाव अनेक वंशांनी धारण केलं असा अर्थ निघेल. घोरपडीची कथा खरी की खोटी, फर्मान अस्सल की बनावट, हे मात्र रक्तातून कधीच कळणार नाही. ते कागदाची परीक्षा करणाऱ्यांचं काम आहे.

दत्तक: रेषा तुटते, घराणं तुटत नाही

पितृरेषा तुटली म्हटलं की लोकांच्या मनात लगेच नको ती शंका येते. आपल्या समाजात तिचं सर्वांत साधं आणि सर्वांत प्रतिष्ठित कारण दत्तक हे आहे. निपाणीपासून जवळच असलेल्या कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. वाय गुणसूत्र त्यांना कागलकर घाटगे म्हणेल. इतिहास, कायदा आणि करवीरची प्रजा त्यांना छत्रपती भोसले म्हणते, आणि तेच सत्य आहे.

बेळगाव जिल्ह्याने तर याच प्रश्नापायी रक्त सांडलं. कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्र सर्जा १८२४ मध्ये निपुत्रिक वारले. त्यांचं दत्तकविधान मानायला कंपनी सरकारने नकार दिला. राणी चन्नम्मा उभ्या राहिल्या आणि २३ ऑक्टोबर १८२४ च्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. औरस रक्त नाही म्हणून वारसा नाही, ही अट बाहेरून आलेल्या सत्तेने लादली होती आणि इथल्या लोकांनी ती धुडकावली होती. आज हाती आलेल्या डीएनएच्या अहवालाने आपण स्वतःच तीच अट आपल्या घराण्यांवर लादणार असू, तर कित्तूरकडून आपण काहीच शिकलो नाही.

दत्तक पुष्कळदा भावकीतूनच घेतला जाई. तेव्हा गुणसूत्राची खूण बदलतच नाही. घरजावई सासऱ्याच्या जमिनीवर राहिला आणि पुढे त्याच घराच्या नावाने ओळखला जाऊ लागला, तर बदलते. म्हणून निकाल हातात घेण्याआधी वंशावळीतले दत्तक आणि घरजावई यांच्यावर खूण करून ठेवायला हवी. नाहीतर निरर्थक संशय घरात शिरतो.

आईची रेषा

वाय गुणसूत्राची सर्वांत मोठी मर्यादा सांगायलाच हवी. दहा पिढ्या मागे गेलं तर आपल्याला १,०२४ पूर्वज असतात. वाय गुणसूत्र त्यातल्या फक्त एकाबद्दल बोलतं. आईची आई, बापाची आई, पणजीचं माहेर हे सगळं त्याला ऐकूच येत नाही. हेळव्याच्या वहीतही लेकींना फारशी जागा नसते. आईकडून मुलाला आणि मुलीला मिळणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए ही उणीव काही अंशी भरून काढतो. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये लढाईत मारला गेला. २०१२ मध्ये लेस्टरमधल्या एका वाहनतळाखाली त्याचा सांगाडा मिळाला. त्याची ओळख पटवण्यात मोठा वाटा याच मातृरेषेने उचलला. पुरुषरेषेतले मानले गेलेले पाच नातलग त्याच्याशी जुळलेच नाहीत. राजघराण्याच्या इतक्या जपलेल्या वंशावळीतही कुठेतरी रेषा तुटलेली होती. बहिणीच्या लेकींनी नेलेली खूण मात्र पाचशे वर्षांनंतरही जुळली.

सीमाभागात बापाच्या नावाचा प्रश्न आणखी एका ठिकाणी टोचतो. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या देवदासींच्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या दाखल्यावरच्या वडिलांच्या रकान्यापुढे मान खाली घातली. कर्नाटकाने १९८२ मध्ये या प्रथेवर कायद्याने बंदी घातली. २०२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने नवं विधेयक मंजूर केलं, त्यात या मुलांच्या पितृत्वाचा हक्क विचारात घेतलेला आहे. इथे डीएनएचं काम घराण्याचा अभिमान वाढवण्याचं नाही. जबाबदारी टाळणाऱ्या बापाला ती घ्यायला लावणं हे आहे. या विज्ञानाचा याहून न्याय्य उपयोग मला दिसत नाही.

मराठी मुलखातले दोन दाखले

डीएनए परंपरेला दुजोरा देतो तेव्हा काय घडतं, हे कोकणातल्या बेने इस्रायलींच्या बाबतीत दिसलं. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहीमकर अशी गावांवरून पडलेली मराठी आडनावं धारण करणारा हा ज्यू समाज. आपले पूर्वज समुद्रमार्गे आले, असं तो सांगत आला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा वाटा आढळला. त्यातला ज्यू वाटा मुख्यतः पुरुषांकडून आणि भारतीय वाटा मुख्यतः स्त्रियांकडून आलेला. दिवेकर हे आडनाव हिंदूंतही आहे. नाव एकच, पण पितृवंश वेगळे.

दुसरा दाखला बेळगाव जिल्ह्यातलाच आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यात आणि लगतच्या उत्तर कन्नडमध्ये सिद्दी लोक राहतात. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये कर्नाटक आणि गुजरातमधल्या सिद्दींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची मुळं आफ्रिकेतली असून भारतीय समाजांशी त्यांची सरमिसळ सुमारे दोनशे वर्षांपूर्वीची आहे, असं त्यात दिसलं. गुलाम म्हणून आणलेल्या या माणसांची मूळ नावं कुठल्याच वहीत लिहिली गेली नव्हती. ज्यांच्याकडे हेळवी कधी गेला नाही, त्यांचा इतिहास डीएनएने सांगितला. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींचा अनुसूचित जमातींत समावेश व्हायला मात्र २०२० साल उजाडावं लागलं.

कोणती चाचणी, कोणती खबरदारी

बाजारात सर्वांत जास्त खपणारी चाचणी वाय गुणसूत्राची नसते. ती उरलेल्या २२ जोड्यांची असते आणि ‘तुमचे चुलत-मावस भाऊ सापडले’ असं सांगते. आपल्याकडे तिचा निकाल जपून वाचावा लागतो. सीमाभागात मामाच्या मुलीशी लग्न होतं, काही समाजांत मामा-भाचीचंही होतं, आणि जातीबाहेर सोयरीक शतकानुशतकं क्वचितच झाली. त्यामुळे त्याच जातीतली दोन परकी माणसंही या चाचणीत जवळचे नातलग दिसू शकतात. २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६३ गटांचा अभ्यास झाला. त्यातल्या ८१ गटांत मूळ पूर्वजांची संख्या इतकी कमी होती की त्याचा परिणाम, अशा परिणामासाठी ओळखल्या जाणाऱ्या फिनलंडच्या लोकांपेक्षाही, ठळक दिसला. आडनावाच्या तपासासाठी म्हणूनच वाय गुणसूत्राच्या किमान ३७ जागांची चाचणी मागावी.

जात ओळखण्यासाठी तर कोणतीच चाचणी उपयोगाची नाही. आर१ए, एच, एल, जे२ हे पितृवंशांचे मोठे गट भारतात अनेक जातींत आणि धर्मांत विखुरलेले आहेत. इरावती कर्वे आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९६८ मध्येच महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांच्या आठ पोटजाती शरीरमापनाने आणि रक्तगटांनी तपासल्या होत्या. एका नावाखालच्या या गटांतही फरक आढळले होते. जे नाव समाजाने दिलं ते रक्तात शोधायला जाऊ नये.

चाचणीने केवळ आपलीच माहिती उघड होते असं नाही. आपल्या भावांची, चुलत्यांची, त्यांच्या मुलांचीही होते. त्यामुळे भावकीतल्या कर्त्या माणसांना विचारल्याशिवाय नमुना देऊ नये, आणि अनपेक्षित निकाल आला तर तो कुणाला सांगायचा हे आधीच ठरवावं. अमेरिकेतल्या ट्वेन्टीथ्री अँड मी या कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरीला गेली आणि २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे डीएनए तंत्रज्ञानाच्या नियमनाचं विधेयक २०१९ मध्ये मांडलं गेलं, पण २०२३ मध्ये ते मागे घेण्यात आलं. लग्नाच्या बंधनात जन्मलेलं मूल औरस मानावं, हे तत्त्व जुन्या पुरावा कायद्याच्या ११२ व्या कलमात होतं. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ११६ व्या कलमातही ते कायम आहे. रक्तचाचणीचा आदेश सरसकट देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच बजावलं. आईची आणि मुलाची प्रतिष्ठा कुतूहलापेक्षा मोठी आहे, हा त्याचा अर्थ.

आधी काय करायचं

एवढ्या सगळ्यातून कामाचा क्रम स्पष्ट होतो. आधी घरातल्या ज्येष्ठांना बसवून मूळ गाव, कुलदैवत, देवक, दत्तक, घरजावई, गाव सोडल्याची कारणं लिहून घ्यावीत. मग आपला हेळवी कोण हे शोधून त्याच्या वहीतल्या पानांची, त्याला योग्य मोबदला देऊन आणि त्याच्या परवानगीने, छायाचित्रं काढून ठेवावीत. सीमेच्या दोन्ही बाजूंचे उतारे, मराठी आणि कानडी, शेजारी ठेवून वाचावेत. मोडी वाचणारा माणूस गाठावा. एवढं झाल्यावर जो दुवा कागदावर तुटलेला राहील, तेवढ्यासाठीच दोन्ही शाखांतल्या पुरुषांची वाय चाचणी करावी. ज्या शाखेत मुलगे नाहीत तिथल्या ज्येष्ठाचा नमुना आधी घ्यावा, कारण त्याच्यानंतर ती खूण मिळणार नाही.

उलट क्रमाने गेलं तर हाती नुसते आकडे येतात आणि त्यांचा अर्थ सांगायला कुणी उरलेलं नसतं. रक्तातली नोंद मुलांत, नातवांत टिकून राहते, ती आणखी वीस वर्षांनीही वाचता येईल. हेळव्याची मुलं आज शाळा-कॉलेजात शिकतात, नोकऱ्या करतात, आणि वही घेऊन गावोगाव फिरणारे दरवर्षी कमी होत चालले आहेत. सीमाभागातल्या भावकीला पुन्हा जोडायचं असेल तर प्रयोगशाळेत जाण्याआधी या सुगीत हेळव्याला निरोप धाडावा.